कोशिंबाचा ऑक्टोबर

अमेरिकेतल्या आमच्या मराठी घरांत आई-वडील येतात ते मे महिन्यात आणि गणपतीच्या आत परत जातात. तसा काही नियम नाही, पण नातवंडांच्या सुट्ट्या, विमानाची भाडी आणि गावाकडचे सण यांचं गणित तसंच बसतं. मग त्यांच्या वाट्याला येतो तो इथला उन्हाळा. शेजारच्या अंगणातला बार्बेक्यूचा धूर, नायगाऱ्याची एक सहल, मॉलमधले बाक आणि डास. नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या शार्लटचा जुलै असा चिकट असतो की पुण्याचा मे महिना बरा म्हणावा. आणि इथं राहिल्याचं सार्थक व्हावं असा जो एकच महिना, तो ऑक्टोबर उजाडायच्या आत सगळे आजी-आजोबा बॅगांची वजनं करून निघून गेलेले असतात.

२०२३ साली मात्र आईचं जाणं लांबलं. भोर तालुक्यातल्या आमच्या घराची कौलं उतरवून भावानं बांधकाम काढलं होतं. "दिवाळीला ये, तोवर धुरळा बसेल," असं त्यानं सांगितलं आणि तिकीट निघालं ५ नोव्हेंबरचं. आईनं पहिल्यांदाच इथला दसरा पाहिला. म्हणजे इथं पाहण्यासारखा दसरा नसतोच, तो तिनंच केला. इंडियन स्टोअरमधून महागाची झेंडूची फुलं आणून गाडीला माळ घातली. आपट्याचं काय करायचं म्हणून मी विचारात, तर ही परसात एक चक्कर मारून ओंजळभर पानं घेऊन आली. आमच्या कुंपणाशी रेडबडचं झाड आहे. वसंतात गुलाबी फुलांनी लगडतं, बाकी वर्षभर त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याची बदामाच्या आकाराची पानं तेव्हा पिवळी पडायला लागली होती.

"आपटा न्हाई हा, पण आपट्याच्या भावकीतला दिसतोय," आई म्हणाली आणि तिनं सगळ्यांच्या हातावर ते सोनं ठेवलं.

रात्री मी सहज शोधून पाहिलं. रेडबड, आपटा आणि कांचन ही सगळी मंडळी खरोखरच एका उपकुळातली निघाली. मला त्यासाठी फोन लागला, तिला देठापासून पंज्यासारख्या फुटलेल्या शिरा पुरल्या.

त्याच आठवड्याच्या शेवटी डोंगरात जायचं ठरलं होतं. खरं सांगायचं तर ते आईसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. मला 'पीक' बघायचं होतं. हा शब्द इकडे ऑक्टोबरात दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. पीक म्हणजे शेतातलं पीक नव्हे. डोंगरावरची पानं रंगाच्या अगदी ऐन भरात असण्याचे जे सहा-सात दिवस, ते पीक. त्याचे नकाशे निघतात, आठवड्याआठवड्याचे अंदाज निघतात, ऑफिसात लोक मायक्रोवेव्हसमोर उभे राहून "यंदा पीक आठवडाभर पुढे गेलंय" असं सोयाबीनच्या भावासारखं बोलतात. मी चार वर्षं त्या पीकच्या मागे होते. पहिल्या वर्षी लवकर गेलो, सगळं हिरवं. दुसऱ्या वर्षी वेळ साधली तर दोन्ही दिवस धुकं असं, की पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसेनात. तिसऱ्या वर्षी रंग होता, पण सगळी गर्दीही तिथंच होती आणि गाडी लावायला जागा मिळेपर्यंत ऊन गेलं. चौथ्या वर्षी मुलीला ताप. इतकं मागे लागून एखाद्या गोष्टीचा आनंद घेता येत नाही हे मला कळत होतं, पण तरी बुकिंग केलंच.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर. ऑफिस सुटल्यावर निघालो. शार्लट समुद्रसपाटीपासून साडेसातशे फुटांवर आहे, तिथली झाडं अजून जवळजवळ हिरवीच होती. दीडेक तासानं ओल्ड फोर्ट गाव आलं आणि पुढे रस्ता एकदम वर चढायला लागला. ब्रेक निकामी झालेले ट्रक अडावेत म्हणून कडेला वाळूखडीचे चढ करून ठेवलेत. अंधारात त्यांच्या पाट्या चमकत होत्या. मागे पेंगत असलेली आई लगेच सावरून बसली. "घाट लागला," ती म्हणाली, आणि तिनं सवयीनं पर्समधून आवळासुपारी काढली.

ब्लॅक माउंटन नावाच्या छोट्या गावाबाहेर लाकडी घर घेतलं होतं. पोचलो तोवर चंद्र चांगला वर आला होता. तिथीच्या वेळा बघता इथली कोजागिरी त्याच रात्री येत होती, भारतात ती दुसऱ्या दिवशी. आईनं बॅगेतून केशर, बदाम आणि पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं जायफळ बाहेर काढलं. सहाण नव्हती म्हणून जायफळ चीजच्या किसणीवर किसलं. दूध आटत असतानाच पुण्याहून मावशीचा फोन आला. तिकडे शनिवारची सकाळ. त्या वर्षी कोजागिरीला भारतात खंडग्रास चंद्रग्रहण होतं, मध्यरात्रीनंतर एक वाजून पाच मिनिटांनी स्पर्श, आणि दुपारपासून वेध. दूध आटवायचं कधी, चंद्राला दाखवायचं कधी आणि प्यायचं कधी, यावर मावशीच्या सोसायटीत दोन तट पडले होते.

"आमच्याकडं गिराण दिसतच न्हाई," आई मोठ्या समाधानानं म्हणाली. "आमचं दूध झालंसुदिक." मावशीला हा अन्याय वाटला असावा, कारण तिनं फोन जरा लवकरच ठेवला.

पेले घेऊन आम्ही पडवीत बसलो. हवा अशी, की शाल अंगावर घ्यावी पण पाय उघडे ठेवावेत. समोर दरी आणि दरीपलीकडे डोंगराची लांबच लांब पाठ. मी सारखी बघत होते की रंग आहे का, पीक आहे का. काही कळेना. चांदण्यात आपल्या डोळ्यांना लाल-पिवळं दिसतच नाही, सगळं रुपेरी आणि काळं. मुलगी म्हणाली, "आजी, हे सगळं ब्लॅक अँड व्हाइट आहे." आईला त्याचं काही नव्हतं. ती म्हणाली, "चांदणं बघायला आलोय न्हवं?" मला मात्र त्या रात्री झोप जरा उशिराच लागली.

सकाळी मी उठून बाहेर आले तर आई कधीची उठलेली. शाल डोक्यावरून घेऊन कठड्याला धरून उभी. ऊन समोरच्या उतारावर नुकतं पोचलं होतं. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, मिळालं. संपूर्ण उतार पेटलेला होता. लाल, तांबूस, शेंदरी, मधेच हळदीचा सडा पडावा तशी पिवळी झाडं आणि त्यात कुठे कुठे हट्टानं हिरवे राहिलेले पाइन. मी फोन काढायला आत वळणार, तेवढ्यात आई माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"आगं, एवढी पालवी? आत्ता?"

मला आधी कळलंच नाही. मग लख्ख कळलं. आमच्याकडे डोंगर लाल होतो तो फाल्गुन-चैत्रात. वरंध घाटाच्या रस्त्याला लागलं की उन्हानं करपलेल्या, खडखडीत वाळलेल्या डोंगरात एखादंच झाड असं लालभडक उभं असतं की नवख्याला ते फुललंय असंच वाटावं. ती फुलं नसतात. ती कोशिंबाची कोवळी पानं. पुस्तकात त्याला कुसुंब म्हणतात, आई कोशिंब म्हणते. चार-सहा दिवस ती लाल, मग तांबूस, मग पोपटी आणि मग चारचौघांसारखी हिरवी. आंब्याची पालवीही तशीच तांब्याच्या रंगाची, पिंपळाची गुलाबी. आईच्या सत्तर वर्षांच्या हिशेबात लाल पान म्हणजे नुकतं जन्मलेलं पान. तिला समोर दिसत होता तो बाळंतपणं झालेला डोंगर.

मी म्हटलं, "आई, पालवी नाही, ही पानगळ. आठ दिवसांत सगळं खाली."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणाच्या बारशाला जावं आणि तिथं भलतंच ऐकावं.

आम्ही शाळेत सहा ऋतू पाठ केले आणि शरद ऋतूपुढे 'ऑटम' लिहून मोकळे झालो. ते साफ चूक आहे असं मला आता वाटतं. आश्विन-कार्तिकातला आपला शरद म्हणजे पाऊस सरल्यावरचं धुतलेलं आभाळ, भाताच्या लोंब्या, रायरेश्वराच्या पठारावरची पिवळीजर्द सोनकी आणि दुपारी टाळू तापवणारं ऊन. त्यात एक पान गळत नाही. पानं गळायची ती शिशिरात, माघ-फाल्गुनात, आणि तीसुद्धा कुणाचं लक्ष न वेधता, मळकट होऊन. आपल्या पानगळीला रंगच नाही आणि इकडच्या पालवीला रंग नाही. म्हणजे अगदी नाही असं नाही, इथल्या मेपलच्या कोवळ्या पानांवरही लाली असते, पण तेव्हा लोक फुलं बघण्यात गुंतलेले असतात.

गंमत अशी की लाल रंग दोन्हीकडचा एकच आहे. नाश्त्याच्या टेबलावर मुलीनं ते आजीला समजावलं, शाळेत नुकतंच झालं होतं. पानातला पिवळा-केशरी रंग आधीपासून आत असतोच, कॅरोटिनॉइड वर्गातला, झेंडूत असतो त्याच जातीचा. हिरव्याखाली तो झाकलेला असतो. दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या की झाड हरितद्रव्य मोडायला काढतं, पानातला नत्रासारखा कामाचा माल फांदीत-खोडात परत ओढून घेतं, आणि मग खालचा पिवळा उघडा पडतो. लालचं तसं नाही. लाल रंग, अँथोसायनिन, झाड जाता जाता नव्यानं तयार करतं. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारठा पण हिमकण नाहीत, अशी हवा मिळाली की तो जास्त उतरतो. जांभळात तोच रंग, आमसुलात तोच आणि कोशिंबाच्या कोवळ्या पानांतही तोच. एवढी सामग्री खर्चून मरायला टेकलेलं पान लाल कशाला करायचं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, आतला माल ओढून घेईपर्यंत उन्हापासून आडोसा म्हणून. कुणी म्हणतं, किडींना इशारा म्हणून. कोवळ्या पानांच्या लालीबद्दलही नेमके हेच दोन तर्क आहेत.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे येतानाबी नटायचं आन् जातानाबी," ती म्हणाली, आणि पोहे परतायला उठली.

त्या दिवशी आम्ही ब्लू रिज पार्कवेनं वर गेलो. हा ४६९ मैलांचा रस्ता निव्वळ हिंडण्यासाठी बांधलेला. १९३५ साली मंदीच्या काळात काम सुरू झालं आणि शेवटचा तुकडा जोडला गेला तो १९८७ मध्ये. त्यावर ट्रक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत, पेट्रोल पंप नाहीत, आणि ताशी ४५ मैलांच्या वर जायचं नाही. आमच्या ह्यांना ४५चा फार जाच होतो, पण मागे सासूबाई बसल्या की ते चाळीसनंही जातात.

अ‍ॅशव्हिल शहर एकवीसशे फुटांवर, आणि तिथून पस्तीस मैलांवरचं माउंट मिचेलचं शिखर ६,६८४ फूट. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला याहून उंच डोंगर नाही. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. हजार फूट चढलं की साधारण दोन अंश सेल्सिअसनं हवा गार होते, त्यामुळे इथं ऋतू शिखरावर आधी येतो आणि मग दिवसागणिक खाली उतरत जातो. सप्टेंबरअखेर वर, ऑक्टोबरच्या मध्यावर कमरेशी, नोव्हेंबरात शार्लटच्या आमच्या अंगणात. आम्ही उलटे चाललो होतो. खाली ओक नुकते तांबूस होत होते. तीन हजारांच्या आसपास हिकरी आणि ट्यूलिप पॉपलर सोन्यासारखे, सावरवुड आणि मेपल लालबुंद. चार हजारांच्या पुढे निम्मी पानं रस्त्यावर. क्रॅगी गार्डन्सच्या बोगद्यातून बाहेर पडलो तर झाडं पार उघडी, करड्या फांद्या वाऱ्यात वाकलेल्या. तासाभराच्या रस्त्यात कार्तिकातून निघून माघात पोचलो होतो.

प्रत्येक वळणावर गाड्या थांबलेल्या. लोक रंगाकडे पाठ करून रंगाबरोबर फोटो काढत होते. मीही काढले, उगाच मोठेपणा कशाला सांगू. आई गाडीतून उतरली की खाली बघायची. तिला झाडावरच्या पानांपेक्षा पडलेल्या पानांचं जास्त होतं. एकेक उचलून उलटं करून बघायची. ट्यूलिप पॉपलरचं पान मला दाखवून म्हणाली, "ह्याचं टोक कुणी कातरीनं कापलंय का काय?" मी त्या झाडाखालून बारा वर्षं जाते आहे. त्या पानाला टोक नसतं, शेंडा सरळ छाटल्यासारखा असतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. सासाफ्रासच्या एकाच फांदीवर तीन घाटांची पानं असतात. एक अखंड, एक हातमोज्यासारखं अंगठा काढलेलं, एक तीन बोटांचं. तिनं तिन्ही गोळा केली आणि नातीला विचारलं, "आता सांग, खरं कंचं?"

शिखरावर वारा होता आणि रंग अजिबात नव्हता. तिथं स्प्रूस आणि फ्रेझर फर. त्यांच्या काळपट हिरव्या रंगावरूनच या डोंगररांगेला ब्लॅक माउंटन्स म्हणतात. त्यातले पुष्कळ फर उभ्या उभ्या वाळलेले, एका परक्या किडीनं शोषलेले. तिथंच एक थडगं आहे. एलायशा मिचेल हे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले प्राध्यापक. १८३५ पासून वायुभारमापक घेऊन ते या रांगेत फिरत होते आणि हेच शिखर सर्वात उंच असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे थॉमस क्लिंगमन या राजकारण्यानं, जो त्याच विद्यापीठात शिकून गेला होता, वाद काढला. आपला मुद्दा पुन्हा पडताळायला मिचेल १८५७ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, एकटे वर आले आणि एका धबधब्यावरून पडून बुडाले. वर्षभरानं त्यांना शिखरावर आणून पुरलं. स्मोकी पर्वतातल्या ज्या शिखराला क्लिंगमनचं नाव मिळालं होतं, ते ४१ फुटांनी कमी भरलं. २०२४ मध्ये तर तेही नाव गेलं आणि चेरोकी लोकांचं जुनं नाव 'कुवोही' परत आलं.

मी ही गोष्ट आईला रंगवून सांगितली. ती थडग्याच्या दगडावर पडलेल्या फरच्या काड्या हातानं झाडत होती. "बांधाच्या भांडणात मान्सं मरत्यात," ती म्हणाली, "ह्यो तर डोंगर."

मग तिनं चौफेर पाहिलं. ऊन होतं आणि एकामागे एक निळ्या रांगा पार क्षितिजापर्यंत. झाडांतून हवेत जाणाऱ्या आयसोप्रीनमुळे ती निळाई दाट दिसते, म्हणून ब्लू रिज. "कडा न्हाई कुठं," ती म्हणाली. खरं आहे. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, लाव्हाच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा, अजून कडे तासलेले. हे अ‍ॅपलाचियन तीस-चाळीस कोटी वर्षांपलीकडचे, झिजून झिजून गोल झालेले. बसलेल्या गाईंसारखे.

रविवारी परतताना मुद्दाम आतल्या रस्त्यानं निघालो. बॅट केव्ह, चिमणी रॉक, नदीच्या काठाकाठानं जाणारा अरुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंनी रंगलेले डोंगर अंगावर आलेले. एका वळणावर पाटी दिसली, 'बॉइल्ड पीनट्स'. मी बारा वर्षांत कधी थांबले नव्हते. आईनं वास घेतला आणि म्हणाली, "थांबवा, थांबवा. शेंगा उकडत्यात."

पत्र्याच्या छपराखाली एक म्हातारा, गॅसवर दोन भलीमोठी पातेली, एकात नुसत्या मिठाच्या आणि एकात तिखट मसाल्याच्या. कागदी पेल्यात पळीनं शेंगा घातल्या, त्यातलं खारं पाणीही. आईनं उभ्या उभ्याच एक शेंग दातानं फोडली, आधी आतलं पाणी ओढून घेतलं आणि मग दाणे खाल्ले. म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि तो हसला. इथल्या पाहुण्यांना म्हणे हे शिकवावं लागतं, शहरातले लोक सालीसकट चावतात. त्याचं बोलणं दक्षिणी हेलाचं, मलाच अर्धं कळत होतं, पण त्या दोघांचं बरं चाललं होतं. ती मराठीत विचारायची, "मीठ कधी घालता, आधी का मागनं?" आणि तो इंग्रजीत पातेल्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगायचा.

त्याचा आजोबा चेस्टनट विकायचा. एके काळी हे डोंगर चेस्टनटच्या झाडांनी भरलेले होते. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये एक बुरशी सापडली, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत ती या सगळ्या रांगेतले चेस्टनट खाऊन गेली. अब्जावधी झाडं. म्हातारा म्हणाला, त्याच्या आजोबाच्या लहानपणी जूनमध्ये डोंगरावर बर्फ पडल्यासारखं दिसायचं, चेस्टनटच्या पांढऱ्या मोहरानं. आता जो लाल-पिवळा डोंगर बघायला आपण इतक्या लांबून येतो, तो त्या मोकळ्या झालेल्या जागेत वाढलेल्या ओक-मेपलचा. मी हे आईला मराठीत सांगितलं. तिनं आणखी दोन पेले शेंगा घेतल्या.

पुढच्या आठवड्यात शार्लटलाही पानं पडायला लागली. आमच्या गल्लीत शनिवारी सकाळपासून पानं उडवणाऱ्या यंत्रांची घरघर, आणि संध्याकाळी घरोघर फुटपाथवर उंच तपकिरी कागदी पिशव्या. आई खिडकीतून बघत बसायची. आमच्याकडे माळावरचा पातेरा गोळा करायला बायका पहाटे उठतात. शेण, पातेरा, कवळं असं थर लावून भाताच्या रोपांची जागा भाजतात, त्याला राब म्हणतात. "एवढा राब फुकट चाललाय," ती रोज म्हणायची. शेवटी तिनं शेजाऱ्याच्या दारातल्या तीन पिशव्या उचलून आणल्या आणि आमच्या परसात ओतल्या. शेजारी बाहेर आला. मी काय सांगणार? म्हटलं, आई कंपोस्ट करते. त्यानं दुसऱ्या दिवशी आणखी दोन आणून ठेवल्या.

५ नोव्हेंबरला ती गेली. सासाफ्रासची ती तीन पानं तिनं पोथीत घातली होती. विमानात झाडपाला न्यायचा नसतो, हे मी सांगितलंच नाही.

मार्च महिन्यात एक दिवस सकाळी उठून फोन पाहिला तर आईचा व्हिडिओ. भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून काढलेला, सगळा हलणारा, निम्म्यात तिचाच पदर. करडा डोंगर, करडा रस्ता, आणि एका वळणावर लालभडक कोशिंब. मागून तिचा आवाज, "ह्ये बघ आमचं पीक."

त्याच वर्षी, २७ सप्टेंबर २०२४ ला, आमच्या कोजागिरीला बरोबर अकरा महिने झाले त्या दिवशी, हेलीन वादळ त्या डोंगरांवर येऊन कोसळलं. माउंट मिचेलवर तीन दिवसांत चोवीस इंचांहून जास्त पाऊस पडला. सहाशे मिलिमीटर. असा पाऊस आपल्या महाबळेश्वरानं पाहिलेला आहे, या डोंगरांना त्याची सवय नव्हती. दोन हजारांवर दरडी कोसळल्या. नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून अधिक माणसं गेली. चिमणी रॉक गावाचा नदीकडचा भाग वाहून गेला, पार्कवेचे मोठे तुकडे महिनोन्‌महिने बंद राहिले. मी आईला फोनवर सांगत होते, रस्ते गेले, पूल गेले, डोंगर खाली आला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माळीणवानी?" २०१४ च्या जुलैत आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव सकाळी दरडीखाली गेलं तेव्हा आमच्या भागातून लोक मदतीला गेले होते. मी म्हटलं, "हो, तसंच." आणि मग तिनं विचारलं, "तो शेंगावाला?"

त्या वर्षी आम्ही डोंगरात गेलो नाही. कुणीच जाऊ नये असं सरकार सांगत होतं. २०२५ च्या ऑक्टोबरात, चिमणी रॉकचं उद्यान पुन्हा उघडल्यावर, आम्ही गेलो. अंदाजाचा नकाशा या वेळी मी उघडला नाही. रंग होता. पण त्या लाल-पिवळ्या उतारांवर वरपासून खालपर्यंत तपकिरी पट्टे ओढलेले होते, केसांतून भांग पाडावा तसे, दरडी जिथून आल्या त्या वाटा. नदीच्या पात्रात घराएवढे धोंडे. ज्या वळणावर पत्र्याचं छप्पर होतं तिथं आता वळणच नव्हतं, रस्ता नवीन खडीवरून जरा आत सरकवलेला होता. आम्ही हळू झालो, थांबलो मात्र नाही.

थांबलो ते पुढे, एका दरडीच्या पायथ्याशी. मुलगी आधी उतरली. त्या उघड्या लाल मातीत, उखडलेल्या मुळांच्या आणि दगडांच्या मधून, गुडघ्याएवढी रोपटी उगवली होती. ट्यूलिप पॉपलर. उघडी जमीन मिळाली की हे झाड सगळ्यांच्या आधी येतं. एकेका काडीला चार-पाचच पानं, शेंडा छाटलेली, आणि सगळी पिवळीधमक. वाऱ्यानं एक गळून आमच्यादेखत खाली पडलं.

मी वाकून जवळून फोटो काढला, पाठवला. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले असतील, पण आईनं लगेच बघितला. लिहिण्याऐवजी ती आवाज पाठवते. मी फोन कानाला लावला.

"ही पालवी का पानगळ गं?"